टोरांटो किती दिवसांवर आहे

बाबा,

तुमच्या नातीचं विमान आज शुक्रवारी, आपल्या घड्याळाने सकाळी सात वाजता, टोरांटोहून निघालं. हे तिने स्वतः कळवलं आहे. फोन बंद करायच्या आधी तिने तीन शब्द पाठवले, 'बसले, निघतेय, झोपते.' टोरांटो ते मुंबई हे अंतर आकाशातून सरळ धरलं तर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, आणि मध्ये युरोपात एकदा विमान बदलून प्रवास बावीस तासांचा. हे आकडे तलासरी नाक्यावर तिकिटं काढून देणाऱ्या बाईंनी तपासून दिले. त्या तुमच्या सुनेच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यामुळे मला काका म्हणतात. परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, तिकीट येणाऱ्याचं की जाणाऱ्याचं?" मी म्हटलं, तिकीट तिने काढलंय, मला फक्त अंतर हवंय. "मग बसा," त्या म्हणाल्या, "अंतर फुकट आहे." म्हणजे उद्या पहाटे पाचला ती मुंबईत उतरेल आणि नऊच्या सुमारास तलासरीत, आपल्या दारात.

तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती. घोलवडला शेठच्या चिकूच्या वखारीत तुम्ही तिला पेंढ्याच्या ढिगावर बसवायचात आणि हातात एक कडक चिकू द्यायचात, खेळायला. ती तो चावायची आणि तोंड वाकडं करायची. तुम्ही म्हणायचात, "थांब जरा, पाच दिवसांनी चाव." हे तिला अर्थातच आठवत नाही. तुम्ही जाऊन आता अठ्ठावीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहिलं नव्हतं, कारण डहाणूहून घोलवडला पत्र कोण लिहितं. आज घरात कुणी नाही, विमान आकाशात आहे, आणि जन्मभर दिवस मावळायच्या आत मजकूर हातावेगळा करायची सवय लागलेल्या माणसाला रिकामी दुपार काढता येत नाही. म्हणून बसलो आहे.

तुमच्या धंद्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत. सकाळी शेठ वखारीच्या पायरीवर उभे राहून सांगायचे, "भाऊ, आजे दिल्ली छे," म्हणजे आज माल दिल्लीला. किंवा मुंबई, किंवा अमदावाद. त्याशिवाय तुम्ही वाडीतल्या बायांना झाडाला हात लावू देत नव्हतात. मला हे आधी कळायचं नाही. चिकू तर झाडावर तयारच आहे, मग तो कुठे जाणार याच्याशी तोडण्याचा काय संबंध? बी. ए. होऊन घरी बसलो होतो त्या वर्षी तुम्ही मला हंगामभर पेट्या भरायला लावलंत, तेव्हा संबंध कळला. तुम्ही फळाला अंगठ्याच्या नखाने हलकेच ओरखडा काढायचात. आत हिरवं दिसलं तर ते कुठेच जायचं नाही. पिवळट दिसलं की मग दुसरा प्रश्न, किती लांब. मुंबईला आज निघालेलं फळ उद्या विकलं जाणार, त्यात थोडं सैल चालेल. दिल्लीला गाडीने जाणार, उतरणार, गाळ्यावर पडणार, घरी जाणार, तोवर चार-पाच दिवस. ते फळ तुम्हाला दगडासारखं हवं असायचं. तुम्ही स्वतः विरारच्या पुढे आणि सुरतेच्या पलीकडे कधी गेला नाहीत, पण दिल्ली किती दिवसांवर आहे हे तुमच्या अंगठ्याला ठाऊक होतं.

एकदा मी दिल्लीच्या पेटीत वरच्या थराला छान भरलेले, जरासे मऊ पडलेले चिकू लावले. दिसायला झकास होते. वाटलं, पेटी उघडणाऱ्याला बरं वाटेल. तुम्ही झाकण ठोकायच्या आधी हात घातलात आणि ती पेटी माझ्यासमोर रिकामी केलीत, सगळ्या बायांच्या देखत. ओरडला नाहीत. तुम्ही ओरडत नव्हतात, त्याचाच त्रास व्हायचा. एक मऊ चिकू माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "हा तुझ्या हातात कसा आहे ते बघू नको. त्याच्या हातात पडेल तेव्हा कसा असेल ते बघ." बाजूला बसलेली म्हातारी बाय हसली आणि म्हणाली, "शिकलेला पोर हाय, आज पिकलेलाच त्याला दिसतो." आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. तो चिकू मग मीच खाल्ला.

पुढच्या वर्षी मी डहाणूत बातमीदार झालो. तेव्हा मजकूर पाकिटात घालून संध्याकाळच्या पॅसेंजरने मुंबईला पाठवावा लागे. गाडी निघून गेली की बातमी गेली. माझी पहिली बातमी छापून आली ती डहाणूच्या खाडीवरल्या पुलाच्या कठड्याबद्दल होती, सहा ओळी, नाव नाही. अंक घेऊन मी सायकलने घोलवडला आलो. तुम्ही ती दोनदा वाचलीत, मग म्हणालात, बरी आहे. दुसऱ्या दिवशी वखारीत आलो तर तुम्ही पेट्यांना आतून वर्तमानपत्र लावत होतात, नेहमीसारखंच, रद्दीच्या गठ्ठ्यातून. पण एका पेटीच्या तळाला माझा अंक होता, सहा ओळी वरच्या बाजूला. मी काही बोलायच्या आत तुम्ही त्यावर पहिला थर लावून टाकलात. "तुझी बातमी दिल्लीला चालली," एवढंच म्हणालात. आयुष्यात मला पुढे दोनदा पुरस्कार मिळाले बाबा, एकदा ठाण्याला आणि एकदा पुण्याला. त्यांच्या शाली कुठे आहेत हे मला सांगता येणार नाही. ती पेटी मात्र अजून दिसते.

आणि तुमच्या निधनाची चार ओळींची बातमीही मीच लिहिली. तो अंक वखारीत कुठल्या पेटीला लागला ते बघायला मी गेलो नाही.

आमच्या धंद्याचा नियम तुमच्यापेक्षा उलटा होता. कच्ची बातमी द्यायची नाही. ऐकलं ते खरं धरायचं नाही, दुसरीकडून दुजोरा घ्यायचा, डॉक्टर असेल तर डॉक्टरकडून, तहसीलदार असेल तर तहसीलदाराकडून, आणि मगच लिहायचं. तीस वर्षं मी हे पाळलं. सायवनच्या बाजूला एकदा घर पडून पाच माणसं गेल्याचं सगळा बाजार सांगत होता. मी पायी आत जाऊन बघितलं तर गेलेलं कुणी नव्हतं, एका म्हाताऱ्याचा पाय मोडला होता. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेपरांत पाच मृत आणि आमच्याकडे एक जखमी. त्या दिवसापासून तालुक्यात माझ्या शब्दाला वजन आलं. मला त्याचा अभिमान होता. तोच पुढे नडला.

२०१४ साली पोर टोरांटोला गेली. त्या संध्याकाळी तुमच्या सुनेने शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला होता. मी भिंतीवरच्या नकाशात बघून म्हटलं, विमान अरबस्तानावरून, मग आफ्रिकेच्या डोक्यावरून, मग समुद्र ओलांडून जाणार. ती म्हणाली, थांबा. शिवणाच्या डब्यातला दोरा काढला, एक टोक मुंबईवर माझ्या बोटाखाली दाबलं, दुसरं टोरांटोवर आपल्या बोटाखाली, आणि दोरा ताणला. तो रशियावरून थेट उत्तरेला चढला आणि बर्फावरून खाली उतरला. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे. ती म्हणाली, "तुमच्या पेपरातली पृथ्वी सपाट असते. पोरांना शिकवायची ती गोल आहे." मग बराच वेळ दोघंही बोटं तशीच ठेवून बसलो होतो. दोरा सोडावासा वाटत नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "तांदूळ धुवायचेत, सोडा आता."

दीड वर्षाने, जानेवारीत, ती आजारी पडली. नुसता ताप होता, मग डोळे पिवळे दिसायला लागले, म्हणून सोमवारी सकाळी वापीला दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू. मंगळवारी तिने विचारलं, "लेकीला कळवलंत का?" मी म्हटलं, डॉक्टर काय ते नक्की सांगू देत, मग कळवतो, उगाच एवढ्या लांब तिच्या जिवाला घोर नको. बुधवारी तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, रक्ताचे रिपोर्ट उद्या आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला बातमी द्यायची नाहीये हो. पोरीला सांगायचंय." मी तिच्या कपाळावर हात ठेवला. गुरुवारी दुपारनंतर तिचं बोलणं थांबलं. संध्याकाळी सहा वाजता डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. तो दुजोरा होता. मी सहा वाजून दहा मिनिटांनी टोरांटोला फोन केला. तिथे सकाळचे पावणेआठ वाजत आले होते.

पोरीने त्याच रात्रीचं विमान पकडलं. तुमची सून शुक्रवारी सकाळी अकराला गेली, तेव्हा पोर समुद्रावर कुठेतरी होती आणि तिचा फोन बंद होता. घरी आणल्यावर माणसं जमली. मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांबू या. मेहुणा हळूच म्हणाला, "भावोजी, किती वेळ ठेवणार? उन्हं उतरायच्या आत न्यायला हवं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी हो म्हटलं. युरोपात विमान बदलताना पोरीला कळलं, मामाकडून. शनिवारी सकाळी दहाला ती दारात आली. हातावर जाड कोट टाकलेला होता, तिकडच्या थंडीचा, आणि इकडे तलासरीत स्वच्छ ऊन पडलं होतं. आत आली, आईच्या फोटोपुढे दिवा होता तिकडे बघितलं, आणि मग मला विचारलं, "आई कधीपासून आजारी होती?"

"सोमवारपासून."

"तुमचा फोन गुरुवारी आला, पप्पा."

ती बोटांवर मोजत होती. सोमवारी कळलं असतं तर सोमवारी रात्री निघून बुधवारी सकाळी पोचले असते, असं ती म्हणाली, अगदी शांतपणे, कुणाला तरी वेळापत्रक समजावून सांगावं तसं. बुधवारी तिची आई बोलत होती. मग ती कोट घेऊन आतल्या खोलीत गेली. मला तेव्हा तुम्ही आठवलात बाबा. रिकामी केलेली पेटी आठवली. साडेबारा हजार किलोमीटरवर मी पूर्ण पिकलेलं फळ पाठवलं होतं, आणि ते तिच्या हातात पडलं तेव्हा त्याचं काही उरलं नव्हतं. तुमच्या वखारीतल्या कुठल्याही अडाणी बाईने विचारलं असतं, कुठे जाणार आहे, किती दिवस लागतात, मग आत्ताच तोडा. मी तुमचा मुलगा असून ते विचारलं नाही.

तेरा दिवस राहून ती गेली. भांडली नाही, रडली तीही माझ्यासमोर नाही. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी संध्याकाळी सातला तिचा फोन येतो, नेमाने. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते, मागे भांड्यांचा आवाज असतो. बोलणं ठरलेलं. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेताय का, घेतोय. पाऊस, बर्फ. आणि शेवटी ती विचारते, "काही नाही ना?" मी म्हणतो, काही नाही. ती क्षणभर थांबते. तो एक क्षण मी आठवडाभर सांभाळतो. तिचा माझ्या 'काही नाही'वर विश्वास नाही हे मला कळतं, आणि नसावाच. या तीन वर्षांत ती एकदाही आली नाही. सुट्टी नसते, तिकीट महाग असतं, हे सगळं खरं आहे. मीही कधी ये म्हटलं नाही. म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

गेल्या महिन्यात दाढी करताना जबड्याच्या खाली गाठ लागली. गेल्या आठवड्यात वापीच्या डॉक्टरांनी बघितली, दाबली, आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला दहा दिवस लागतील म्हणाले. बसने तलासरीला परत येताना मी मनातल्या मनात नेहमीचं वाक्य जुळवत होतो, रिपोर्ट आला की बघू. अच्छाडच्या नाक्यावर बस थांबली, तिथे एक बाई टोपलीत चिकू घेऊन चढली आणि माझ्या शेजारी बसली. मी सवयीने एक उचलून नखाने ओरखडला. ती म्हणाली, "दादा, आज खायाचा नाय हां तो. रविवारी खाजा." मी तो घेतला. घरी येऊन रविवारची वाट न बघता पोरीला लिहिलं. 'गळ्याजवळ गाठ आहे. तपासायला दिली आहे. नक्की काही माहीत नाही. तरी आधी कळवतो आहे.'

पाच मिनिटांत फोन वाजला. तिकडे पहाट होती. "पप्पा, तुम्ही? आणि कच्ची बातमी?" असं म्हणून ती हसली. मग म्हणाली, "मी येते." मी म्हटलं, अगं अजून रिपोर्ट यायचाय. ती म्हणाली, "म्हणूनच येते." त्याच दिवशी तिने तिकीट काढलं.

मंगळवारी मी घोलवडला गेलो. तुमची वखार आता नाही, तिथे रोपवाटिका आहे, पण मागची वाडी आहे आणि शेठचा नातू मला ओळखतो. झाडाखाली उभं राहून मी त्याला म्हटलं, शनिवारी सकाळी खायचेत. तो म्हणाला, "काका, घरी न्यायला पिकलेलेच घ्या की." मी नाही म्हटलं. एकेक फळ हातात घेऊन नख लावलं, तुम्ही लावायचात तसं, आणि नऊ निवडले. ते टोपलीत पेंढ्यात ठेवलेत. आज शुक्रवारी देठाजवळ जरासे नरम लागतात. उद्या सकाळी बरोबर तयार होतील. एवढा हिशेब मला जमला, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आणि दुसरं एक सांगायचं आहे, त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. रिपोर्ट काल आला. गुरुवारी दुपारी चार वाजता, दहा दिवसांच्या आधीच. डॉक्टरांनी स्वतः वाचून दाखवला. गाठ साधी आहे, काही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. मी दोनदा विचारून घेतलं. साडेपाचला मी घरी पोचतो तोच तिचा फोन आला. ती सामान भरत होती, विमान सुटायला अजून साडेतेरा तास होते. तिने विचारलं, "रिपोर्ट आला?" तो माझ्यासमोर टेबलावर होता, वर चष्मा ठेवलेला.

मी म्हटलं, "नाही अजून. उद्या म्हणालेत."

दुजोरा मिळालेली, छापायला तयार, चांगली बातमी होती. तालुक्यातल्या मोठमोठ्या माणसांनी सांगूनही मी कधी बातमी दाबली नव्हती. ही दाबली. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अरे वा, मग दिवाळीत बघू. तिचं चुकलं नसतं. पण मग उद्या शनिवारी सकाळी दार कुणी वाजवलं नसतं.

ती म्हणाली आहे की चारोटीला आली की फोन करेन. तिथून अर्ध्या तासात गाडी दारात येईल. सांगेन तिला, असं ठरवलं आहे, पहिला चिकू संपायच्या आत. आयत्या वेळी जमलं नाही तर काय, याचीही सोय करून ठेवतो. हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार? टोपलीत तळाला अंथरतो, अक्षरं वरच्या बाजूला, आणि वर थर लावतो. चिकू नऊच आहेत, आणि ती दहा दिवस राहणार आहे.